लाजेची ताटली

माझ्या स्टुडिओत शिरून माझेच दिवे बंद करण्याची हिंमत अख्ख्या महाडात एकाच माणसाची होती. रमाकांत उतेकर. आम्ही सगळे त्यांना उतेकरभाऊ म्हणायचो. चपला दाराबाहेर काढायच्या, आत येऊन न विचारता दोन्ही मोठे दिवे घालवायचे, खिडकीचा पडदा अर्धा सारायचा आणि म्हणायचं, "हां, आता काढ फोटो. तुझ्या दिव्यात नवरी गोरी दिसते गो मीना, पण माझं नाणं खोटं दिसतं." मी तोंडाची फटकळ आहे. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर त्याला पडद्यासकट बाहेर काढला असता. पण भाऊ माझ्या वडिलांच्या वयाचे होते, आणि वर त्यांचंच बरोबर निघायचं, त्यामुळे चडफडत का होईना मी गप्प बसायची.

भाऊ तांब्याची जुनी नाणी राखायचे. "साफ करायचे" असं मी एकदा कोणाला तरी सांगितलं, ते त्यांच्या कानावर गेलं, तर पुढचे कितीतरी दिवस माझ्या दुकानावरून मान वळवून जात होते. मुंबईत एका संग्रहालयात धातूच्या जुन्या वस्तू सांभाळण्यात त्यांची नोकरी झाली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर दासगावात एकट्या पडलेल्या विधवा थोरल्या बहिणीला, आक्काला, सोबत घेतलं आणि महाडात बिऱ्हाड केलं. तेही दुसऱ्या मजल्यावर, कारण सावित्रीचा काही भरवसा नाही, असं ते म्हणायचे.

त्यांच्याकडे नाणी यायची ती ग्रेडिंगच्या आधी. हा प्रकार मलाही त्यांच्यामुळेच कळला. जुनी नाणी जमवणारे लोक आपलं चांगलं नाणं एका कंपनीकडे पाठवतात. कंपनी ते खरं की खोटं ते तपासते, सत्तरपैकी गुण देते आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून टाकते. पण नाणं कोणी घासून चकचकीत केलेलं असेल, तर गुण नाहीत. डबीवर नुसता शेरा येतो की घासलेलं आहे. तो शेरा जन्माचा. म्हणून पाठवण्याआधी नाण्यावरची माती, तेलकटपणा, शेंदूर आणि हिरवा कळंक अलगद उतरवायचा, पण तांब्यावर शेकडो वर्षांत चढलेली तपकिरी काळोखी जराही दुखवायची नाही, हे भाऊंचं काम. कळंक म्हणजे तोच, कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक राहिलं की येतो तो. नाण्याला तो लागला की आतून पोखरत जातो.

या कामाची त्यांची हत्यारं म्हणजे करवंदीचे काटे. मे महिन्यात आम्ही पोलादपूरच्या डोंगरात करवंदं खायला जायचो तेव्हा भाऊ आमच्याबरोबर यायचे आणि एकही करवंद तोंडात न टाकता काटे वेचायचे. "तांब्याहून मऊ आणि मातीहून कडक. देवानं जाळी काट्यांसाठी लावली, करवंदं आपली उगाच," असं म्हणायचे. मग भिंगाखाली नाणं धरून, त्या काट्याच्या टोकानं, एकेका अक्षराच्या पोटातली माती काढत बसायचे. त्याआधी नाणं दिवसच्या दिवस शुद्ध पाण्यात भिजत पडलेलं असायचं. मी एकदा गेले तर वाटीत नाणं आणि शेजारी भाऊ पेपर वाचतायत.

"काय चाललंय भाऊ?"

"काम."

पावसाळ्यात त्यांचा हा नाण्यांचा दवाखाना बंद. आपल्याकडची हवा आषाढात कशी होते ते काय सांगायचं, पापड तळला तर ताटात येईपर्यंत सादळतो. तांब्याला ती हवा विषासारखी. दसऱ्यानंतर हवा कोरडी पडली की भाऊ नाण्यांच्या बंद बरण्या उघडायचे. कोणी कितीही घाई केली तरी दसऱ्याच्या आधी नाही.

आता त्यांच्या जिभेबद्दल सांगते. माणूस नाण्यांशी जितका हळुवार, तितका माणसांशी नव्हता. त्यांच्या टेबलावर एक स्टीलची ताटली असायची. लोकांनी चिंचेनं, राखेनं, रांगोळीनं घासून घासून वाट लावलेली नाणी त्या ताटलीत असायची. घासल्यावर ज्यांना काही किंमत उरली नाही म्हणून लोकांनी त्यांच्याकडेच टाकलेली. भाऊ तिला लाजेची ताटली म्हणायचे. नवीन माणूस आला की चहाच्या आधी ताटली पुढे. "हे बघा, हे बिरवाडीच्या एका मास्तरांनी घासलं. हे वकिलीणबाईंनी. कातडी सोलून कोणी गोरं होत नाय, हे वकिलाच्या बायकोला कळू नये?" येणारा माणूस आपल्या खिशातलं घासलेलं नाणं खिशातच दाबून धरायचा. मलाही तेव्हा त्याची मजा वाटायची. शिकलेल्यांची जिरते आहे म्हटल्यावर कोणाला मजा वाटत नाही?

तुडीलच्या एका म्हातारीच्या वेळी मात्र मजा वाटली नाही. मी फोटो द्यायला गेले होते, तेव्हा ती बसलेली होती. पदराच्या गाठीतून तिनं एक शिवराई काढली. शिवराई म्हणजे रायगडावरच्या राजाचं तांब्याचं नाणं, आपल्या भागात पुष्कळ देव्हाऱ्यांत देवांबरोबर पुजलं जातं. तिचं नाणं गुलाबी लखलखत होतं आणि शर्टाच्या बटणासारखं गुळगुळीत झालं होतं. म्हातारी कौतुकानं म्हणाली, "सासूनं दिला व्हता माज्याकडं. दर दसऱ्याला चिंच लावून घासतंय बघा. कदी काला पडू दिला नाय."

भाऊंनी नाणं कडेनं धरून उजेडात फिरवलं आणि म्हणाले, "आजी, यावर राजाचं नाव होतं. ते तुम्ही पुसलंत."

म्हातारीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती नाण्याकडे बघेना, आमच्याकडे बघेना. उठली आणि जिन्यावरून खाली गेली. नाणं न्यायलाही विसरली. भाऊंनी ते ताटलीत टाकलं. आतून आक्का म्हणाली, "रमा, म्हातारं माणूस होतं रे." भाऊ म्हणाले, "नाणं तिच्याहून म्हातारं होतं."

त्यांचा एक किस्सा मात्र मी अजूनही कोणालाही छाती काढून सांगते. घाटावरचा एक व्यापारी गाडी घेऊन आला होता. त्याच्याकडे एक घासलेलं नाणं होतं. गंधकाच्या कुठल्याशा मिश्रणानं तांब्याला पुन्हा तपकिरी रंग आणता येतो, आणि हात चांगला असेल तर कंपनीलाही पत्ता लागत नाही. तो म्हणाला, "तुमच्यासारखा हात महाराष्ट्रात नाही. एवढा एक रंग द्या." भाऊंनी त्याला पाणी दिलं, पाणी पिऊन होऊ दिलं आणि मग जिन्यापर्यंत पोचवायला गेले. जिन्यावर त्यांचा आवाज इतका चढला की खालच्या किराणावाल्यानं गिऱ्हाईक सोडून वर डोकं काढलं. "घासणारा अडाणी असतो. रंग देणारा चोर असतो. मला चोर म्हणायला माझ्या घरात आलास?" शुद्ध बोलणारा माणूस, पण पुढचं सगळं पोलादपुरी बोलीत झालं आणि ते मी इथे लिहू शकत नाही.

मग कुडपणच्या बाजूच्या एका वाडीचं काम आलं. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं मला अजून लग्नाच्या ऑर्डरी देतात.

वाडीत दोन आळ्या, वरची आणि खालची. दोघींची मिळून एक देवी, आणि देवीच्या पेटाऱ्यात एक शिवराई. वर्षातून एकदा, चैत्राच्या जत्रेला, ती पालखीत निघायची. तिला पाणी लावायचं नाही, फक्त शेंदूर, असा रिवाज. त्यामुळे ती कधी कोणी घासलीच नव्हती. पेटारा वरच्या आळीच्या गोविंदबाबांकडे असायचा, त्यांच्या बापाकडे होता, आज्याकडे होता. आणि खालच्या आळीत कोणीतरी बोललं की खरी शिवराई गोविंदबाबांनी कधीच विकली, पेटाऱ्यात आहे ती नकली. एकदा बोललं गेलं ते काही परत जाईना. दोन जत्रा खालच्या आळीनं पालखीला खांदा दिला नाही. गोविंदबाबांनी देवळात जायचं सोडलं. शेवटी वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी, विलास, यानं तोड काढली. शिवराई कंपनीकडे पाठवायची. खरी असेल तर तसं छापून येईल आणि डबीत बंद झाल्यावर पुढे कोणी बदलायचाही प्रश्न नाही. विकायची वगैरे भाषाच नव्हती. एका म्हाताऱ्याचं नाव साफ व्हावं, एवढंच.

गणपती झाल्यावर गोविंदबाबा आणि विलास ती घेऊन भाऊंकडे आले. भाऊंनी भिंग लावून शेंदराखाली बघितलं आणि त्यांचा चेहराच पालटला. "बाबा, शंभर टक्के खरी. आणि इतकी चांगली मी संग्रहालयातसुद्धा बघितली नाही." कडेला हिरवा कळंक धरला होता, तो काढायला हवा होता. दसऱ्यानंतर हात लावतो, म्हणाले. त्याच दिवशी माझ्याकडे येऊन, माझे दिवे घालवून, तिचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढून घेतले.

जाताना गोविंदबाबांनी एक मागितलं. "भाऊ, तुमच्या टेबलावर नका ठेवू तिला. देवी हाय. देव्हाऱ्यात असूं द्या, दिवा लागंल तिला." भाऊंचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून हो म्हणाले. काचेच्या बंद डबीत, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, त्यांनी शिवराई आक्काच्या देव्हाऱ्यात ठेवली. आक्काला बजावलं की हात लावायचा नाही. आक्कानंही लावला नाही. रोज लांबून फूल दाखवायची.

पण दसऱ्याचा आदला दिवस हा देव घासायचा दिवस. हे महाडात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आक्कानं टाक, घंटा, निरांजन, सगळं चिंच-मीठ लावून घासलं आणि मग तिला वाटलं, सगळे देव उजळले आणि परक्या गावची ही पाहुणी तेवढी काळी. तिनं डबी उघडली.

दसऱ्याला सकाळी सोनं द्यायला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा आक्का दारातच म्हणाली, "आधी देवीला बघ गो. कशी लख्ख झाली! पाहुणीला काय सणाला पारोशी ठेवायची?"

मी देव्हाऱ्यात बघितलं. झेंडूच्या फुलांत ती गुलाबी चकाकत होती. मी भाऊंकडे बघितलं. आता हा माणूस काय बोलेल, तुडीलच्या म्हातारीला जो बोलला तो बहिणीला काय बोलेल, या धास्तीनं माझ्या हातातली आपट्याची पानं तशीच राहिली. भाऊ पाटावर बसले होते. ते म्हणाले, "छान झालीय आक्का." आणि उठून गच्चीत गेले. मी मागोमाग गेले तर मागे न वळता म्हणाले, "तिला काय बोलायचं नाय. तू पण नाय."

त्यानंतर ते बरेच दिवस दिसले नाहीत. दिवाळी झाली. एके दुपारी आले, चपला बाहेर काढल्या आणि खुर्चीवर बसले. दिवे घालवायला उठलेच नाहीत. खिशातून डबी काढली. "पाठवायची आहे. फोटो काढ."

आत शिवराई होती. तपकिरी. दसऱ्याला गुलाबी बघितली नसती तर मी शपथेवर सांगितलं असतं की हिला कोणी कधी घासलेलं नाही. मी फोटो काढले आणि पडद्यावर मोठे करून बघू लागले. खूपच मोठं केल्यावर तपकिरी रंगाच्या खाली बारीक बारीक रेघा दिसल्या, एका दिशेनं गेलेल्या. नारळाच्या शेंडीनं घासल्याच्या.

"भाऊ," मी म्हटलं.

"दिसलं ना? तुला दिसणार हे मला माहीत होतं." भाऊ म्हणाले. "त्या व्यापाऱ्याला जिन्यावरून घालवला होता मी. त्याला परत बोलवून जिना चढवायला पाहिजे."

मी समजूत काढायला गेले. म्हटलं, वाडीत भांडण पेटलं असतं, घासलेली बघून खालची आळी म्हणाली असती की बदलली, तुम्ही त्या बाबांसाठीच केलंत.

"मी पण स्वतःला तसंच सांगितलं," भाऊ म्हणाले. "खोटं हाय गो. आधीचे फोटो तुझ्याकडे होते. कडेची खाच, अक्षरावरची भेग, सगळं जुळवून दाखवता आलं असतं. मी रंग दिला तो माझ्या ताटलीच्या भीतीनं. उतेकरच्या घरात नाणं घासलं, हे महाडात कळलं तर मी कुठं तोंड दाखवू, म्हणून." त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या वयाच्या माणसाला असं शरमिंदं झालेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि कुठे बघावं ते मला कळेना. मी उगाच लेन्स पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, वाडीत जाऊन सांगून टाकतो, चल बरोबर फोटो घेऊन. पण आधी तुडीलला जायचं. माझ्या स्कूटीवर मागे बसून आले. खिशात म्हातारीची शिवराई होती.

घर विचारत विचारत सापडलं. अंगणात सून भात वाळवत होती. भाऊंनी नाव सांगितलं तशी ती आत गेली आणि आतून म्हातारीचा दबका आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला. "सांग त्यास्नी म्हातारी घरात नाय म्हणून. आता आनि काय पुसलं मी?"

सून बाहेर आली. "आत्या शेतावर गेल्यात," म्हणाली आणि खाली बघू लागली. भाऊंनी नाणं तिच्या हातावर ठेवलं. "त्यांना सांगा, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं."

"सांगते," सून म्हणाली. मग जरा घुटमळून, आत ऐकू जाणार नाही असं हळू बोलली, "तवापासना त्या देवांना हात नाय लावीत. दसऱ्याला मीच घासते, त्या परसात जाऊन बसतात."

घरी गेल्यावर त्यांनी ताटली टेबलावरून उचलली. ती नाणी त्यांनी कुठे ठेवली, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

वाडीत देवळातच बैठक झाली, दोन्ही आळ्यांची चार-पाच जाणती माणसं, गोविंदबाबा आणि सुट्टी काढून आलेला विलास. भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "नाणं माझ्याकडे घासलं गेलं. मी घासलं. आणि ते लपवायला मी त्याला रंग दिला." मी चमकून बघितलं. आक्काचं नाव त्यांनी घेतलंच नाही. मग त्यांनी माझे आधीचे फोटो पसरून खाच, भेग, सगळं एकेक जुळवून दाखवलं.

खालच्या आळीच्या माणसांनी फोटोंवर डोकी घातली. गोविंदबाबांनी एवढंच विचारलं, "पन खरी हाय ना भाऊ?"

"खरी आहे."

"मंग झालं," बाबा म्हणाले आणि त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

खरी शरम पुढेच होती. विलासनं शिवराई मोबाईलच्या उजेडात उलटीपालटी केली आणि खूश होऊन म्हणाला, "सर, एक नंबर! कलर असला भारी मारलाय, कोणाच्या बापाला कळणार नाय. टेन्शन कशाला घेता? तसंच पाठवू, मार्क पण येतील." बाकीच्यांनी माना डोलावल्या. भाऊंच्या हाताची तारीफ सुरू झाली. जितकी तारीफ होत होती तितके भाऊ खांबाला पाठ लावून आत आत सरकत होते. शेवटी म्हणाले, "कंपनीला मी स्वतः लिहून देणार. घासलं आणि रंग दिला म्हणून. गुण मिळणार नाहीत. खरी असल्याचं तेवढं छापून येईल." विलासनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तसंच झालं. डबी आली. गुणांच्या जागी शेरा. बातमी जाणकारांत पोचायला वेळ लागला नाही, आणि ज्यांना पूर्वी मागे लागूनही भाऊंची वेळ मिळत नव्हती त्यांचेही फोन बंद झाले. पुढच्या पावसाळ्याआधी भाऊ आणि आक्का बदलापूरला भाच्याकडे राहायला गेले. तिकडे ते काही काम करतात असं ऐकिवात नाही. मी त्यांना शेवटचं नीट बघितलं ते त्याआधी, चैत्रात, वाडीच्या जत्रेत.

वाडीनं त्यांचा सत्कार ठेवला होता. नको नको म्हणत असताना ठेवला होता. मला फोटोची ऑर्डर होती आणि आक्काला मुद्दाम जीप पाठवून आणलं होतं. दोन्ही आळ्यांनी पालखीला खांदा दिला. गोविंदबाबा नवा फेटा बांधून सगळ्यांत पुढे चालत होते, इतके ताठ की मला त्यांचा फोटो काढताना भरून आलं. मग देवळासमोर मंडप, खुर्च्या, माईक. भाऊंच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. ते खाली मान घालून उभे होते. विलासनं डबी उंच धरली आणि वरचं इंग्रजी वाचायला लागला.

"जेन्युईन! म्हणजे खरी!" टाळ्या. "क्लीन्ड! म्हणजे एकदम स्वच्छ!" पुन्हा टाळ्या. "आणि कलर अल्टर्ड, म्हणजे, म्हणजे पेशल कलर!" टाळ्यांबरोबर शिट्ट्याही आल्या. भाऊंनी डोळे मिटून घेतले. मला हसायला आलं नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आक्काचा आवाज आला. "अगो, मीच घासली तिला! दसऱ्याला, चिंच लावून!" बायकांना केवढं कौतुक वाटलं. त्यांनी तिला कुंकू लावलं, ओटी भरली आणि हाताला धरून पुढे आणलं. देवीचं दर्शन हिला आधी, म्हणाल्या. आक्कानं डबी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"ही ती नव्हं," ती म्हणाली. "मी घासली ती लख्ख होती. ही काळी हाय."

माईक जवळच होता. सगळ्या मंडपात ते ऐकू गेलं. खालच्या आळीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मागून कोणीतरी म्हणालंच, "बगा, मी काय बोललो व्हतो?" बैठकीला होते ते जाणते खाली बघू लागले. फेट्याखाली गोविंदबाबांचा चेहरा इतका उतरला की मी कॅमेरा खाली घेतला.

भाऊंनी विलासच्या हातातून माईक घेतला. "तीच आहे. आक्का, तीच हाय ती. मी तिला रंग लावला."

"कशाला रे?"

भाऊ आक्काकडे वळले.

"तू घासलीस त्याची मला लाज वाटली म्हणून."

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. तिनं डबी गोविंदबाबांच्या हातात दिली, ओटीतले तांदूळ सांडू न देता दोन्ही हात पदराखाली घेतले आणि माणसांतून वाट काढत जीपकडे गेली. पालखी पुन्हा उठली, वाद्यं वाजू लागली, खालच्या आळीची माणसं गोविंदबाबांच्या पाठीवर हात ठेवून गेली. मी जीपकडे गेले तेव्हा भाऊ शाल तशीच खांद्यावर घेऊन दाराशी उभे होते आणि "आक्का, अगं आक्का" करत होते. ती आत तोंड फिरवून बसली होती आणि परत परत एवढंच म्हणत होती, "काय नाय रे रमा, काय नाय. जरा ऊन लागलं."